तिच्या वहीतल्या माझ्या खुणा

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी हिची. हिच्या ऑफिसातून दर जानेवारीत एक मिळायची आणि महिनाभरात भेटींच्या वेळांनी भरून जायची. यंदाची कोरी राहिली. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. नाहीतर डायरी लिहिणाऱ्या माणसांना मी आजवर हसतच आलो.

ही जाऊन आठ दिवस झाले.

सकाळी हिच्या ऑफिसातून फोन आला. हिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, आता हिच्याच खुर्चीवर बसते. ही तिला ‘धाकटी’ म्हणायची, मग सगळं ऑफिसच तसं म्हणायला लागलं. म्हणाली, "काका, ऑफिसच्या अंकात ताईंवर अर्धं पान द्यायचंय. साहेब म्हणाले तुम्हीच लिहा. तुमचं तर आयुष्य लिहिण्यावाचण्यात गेलं."

लिहिण्यात नाही गं बाई, वाचण्यात. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांनी लिहायचं आणि मी त्यांच्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. मुदत दहा मार्च. हो म्हणून बसलो.

दुपारी एक ओळ लिहिली: ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि सदैव हसतमुख.’ खोडली. ही कुठली सदैव हसतमुख! सकाळी नऊच्या आत हिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

१८ फेब्रुवारी

साखर सापडली नाही. चहा तसाच प्यायलो. संध्याकाळी सूनबाईला फोन केला तर म्हणाली, "बाबा, गॅसच्या वरच्याच कप्प्यात, लाल झाकणाचा डबा." तो डबा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होता.

एकेचाळीस वर्षं या घरात राहतोय. पाहुणा होतो की काय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्ध्या पानाचं घोडं अडलंय. धाकटी फोनवर म्हणते, "काका, आठवेल ते लिहा." आठवणींचा तोटा नाही, पण त्यातलं ऑफिसच्या अंकात काय चालेल?

आमची गाठ पडली ती भांडणातच. ही कंपनीच्या वार्षिक अहवालाची प्रुफं घेऊन छापखान्यात आली होती. अहवालातलं एक वाक्य मी परस्पर सरळ केलं होतं. ही म्हणाली, "साहेब जसं बोलले तसंच मी उतरवलंय. तुम्ही कोण बदलणार?" मी म्हटलं, "साहेब चुकीचं बोलले." तर म्हणे, "मग ती त्यांची चूक त्यांच्या नावावर छापा. तुमची शहाणपणाची नको." आणि ते वाक्य पुन्हा वाकडं होईपर्यंत माझ्या टेबलाशी उभी राहिली. मालक केबिनमधून बघून हसत होते. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं.

हिचं काम म्हणजे साहेब बोलतील ते त्या वेगाने टिपायचं. लघुलेखन. आखूड रेघा, लांब रेघा, बारीक, जाड, मध्येच टिंब. माझ्यासारख्याला पाखराचे पाय उमटल्यासारखं दिसायचं. पुढे कॉम्प्युटर आला, साहेबांचं पत्रं सांगणं थांबलं, हिच्या कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’ आलं (ते कार्ड मीच तपासलं होतं), पण हिची वरून उलटायची वही काही सुटली नाही. सामानाची यादीसुद्धा त्याच लिपीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या आईविषयीची गाऱ्हाणी त्यातच लिहायची, तिच्या समोर बसून! आई म्हणायची, "सूनबाई किती छान नक्षी काढते."

तेव्हा मी एक थाप मारली. म्हटलं, "मला येतं हं वाचता. छापखान्यात शिकलो." ही चपापली. आईवरची नक्षी बंद झाली. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण थाप मारली ती मारली, मग मागे कोण घेतो? कधी फ्रीजवर चिठ्ठी लावून गेली की मी ऑफिसात फोन करून दुसऱ्याच निमित्ताने काय हवंय ते काढून घ्यायचो. चाळीस वर्षं निभावलं.

हे छापता येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलगा हॉस्पिटलातली पिशवी घेऊन आला. इतके दिवस त्याच्या गाडीतच पडली होती. शाल, चष्मा, चपला, हिची खांद्याला लावायची बॅग आणि ती वही. म्हणाला, "बाबा, तुमच्याकडेच राहू दे. मला घरी बघवत नाही." चहा अर्धा टाकून गेला.

वहीची पाच पानं भरलेली आहेत. चार तारखेच्या मंगळवारपासून आठ तारखेच्या शनिवारपर्यंत, रोज एक.

श्वास लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी घशाला भोक पाडून नळी घातली. बोलणं गेलं. आधी ही पाटीवर साधं लिहायची, मोठं मोठं. मग हात कापायला लागला आणि वही मागितली. पेन्सिल हातात आली आणि हात आपोआप जुन्या वळणावर गेला. माणूस थकला की सवयीवर जातो. रेघ, टिंब, रेघ. लिहून वही माझ्यासमोर धरली आणि भुवया वर केल्या. वाचता येतंय ना?

मी हो म्हटलं.

काय करणार होतो? त्या खाटेजवळ उभं राहून सांगू, की अगं, एकेचाळीस वर्षं तुला फसवलं? हिने पेन्सिल पुढे केली. साहेबांनी कागद पाहिला की कोपऱ्यात खूण करायची, त्याशिवाय ही पुढे जायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी प्रूफ पास करताना करायचो तशी बरोबरची खूण केली. हिचा चेहरा एकदम सैल झाला. इतके दिवस नव्हता तसा. मग काय, मी रोज करत गेलो. आज मोजल्या, नऊ आहेत.

नर्स म्हणायची, औषधांनी डोकं जागेवर राहत नाही. खरं असावं. मंगळवारी दुपारी हिने खुणा करकरून नर्सकडून वेणी घालून घेतली. चपला खाटेखाली सरळ लावायला लावल्या आणि बॅग मांडीवर घेऊन बसली. बुधवारी तेच, गुरुवारी तेच, सारखी दाराकडे बघायची. शुक्रवारी आपणहून बॅग नर्सच्या हातात दिली, कपाटात ठेव म्हणून. मला वाटलं, चला, शांत झाली.

काय लिहिलं असेल हिने? माझ्याशी शेवटचं बोलली ते या वहीत आहे आणि मला ते वाचता येत नाही. अडतीस वर्षं जगाचं वाचलं, आणि घरचं?

हॉस्पिटलात राहायचं हे मात्र हिच्या मर्जीनेच झालं. तेवढं समाधान आहे.

२४ फेब्रुवारी

धाकटीला फोन केला. ती वाचू शकेल. हिनेच तिला शिकवलंय, हिच्या स्वतःच्या खास रेघांसकट. शनिवारी येते म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नात आली होती, खारूताई. नऊ वर्षांची. पुढचे दोन दात आले तेव्हा हिने ते नाव ठेवलं. शाळेतून सुटली की रोज ही तिला भेटीची वेळ द्यायची, रीतसर, कागदावर: ‘५ ते ५.३०, आजी. विषय: तक्रारी.’ पोरगी पाच वाजायची वाट बघत दाराबाहेर पायरीवर बसायची. ही आतून हाक मारायची, "पाठवा कोण आहे ते!" आणि मग दोघी अर्धा तास दार लावून. आत काय चालायचं ते मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर पोरगी म्हणायची, "गोपनीय आहे."

आज पाच वाजता ती पायरीवर जाऊन बसली. मी हाक मारली नाही, मला सुचलंच नाही. साडेपाचला उठून आत आली आणि गुपचूप दूध प्यायली.

१ मार्च, शनिवार

धाकटी आली. हिच्याच पद्धतीने बसली, पाठ ताठ, वही गुडघ्यावर. पहिलं पान बघितलं. दुसरं. मग पाचही पानं उलटून पुन्हा पहिल्यावर आली. म्हणाली, "काका, जरा तोंड धुऊन येते." बराच वेळ नळ वाहत होता. सर्दी झाली असावी, नाक लाल झालं होतं.

मग वाचून दाखवलं. मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय:

‘तुम्ही रक्तदाबाची गोळी चुकवू नका. खारूताईला माझी रंगीत पेन्सिलींची डबी द्या. मी समाधानी आहे. तुम्ही माझं सगळं नीट केलंत. इथे मला काही त्रास नाही. माझी काळजी करू नका.’

असं बरंच. एका पानावर तर जेमतेम तीन रेघा आणि एक टिंब, आणि तिने त्यातून चार वाक्यं वाचली! काय लिपी आहे. उगाच नाही साहेब हिच्याशिवाय हलत नसत.

मी रडलो. धाकटीही रडली. जाताना वाकून माझे हात धरले आणि म्हणाली, "काका, आता वही ठेवून द्या. सारखी काढू नका."

२ मार्च

किती दिवसांनी झोप लागली. सकाळी उठून एका बैठकीत अर्धं पान लिहून काढलं. शेवट असा: ‘तिच्या हातचं एकही काम कधी अर्धवट राहिलं नाही. शेवटच्या दिवसांतही तिने आपली इच्छा स्पष्ट सांगितली आणि ती तशीच पूर्ण झाली.’

वाचून मलाच बरं वाटलं. संध्याकाळी ऑफिसात पाठवून दिलं. मुदतीच्या आठ दिवस आधी. ही असती तर म्हणाली असती, सूर्य कुठे उगवला!

९ मार्च, रविवार

आज ही जाऊन महिना झाला. सगळी इथेच जेवली. जेवण झाल्यावर मी रंगीत पेन्सिलींची डबी काढून खारूताईला दिली. म्हटलं, "आजीने तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होती." ती म्हणाली, "ही तर आजीने मला वाढदिवसालाच दिली होती. मीच इथे विसरले होते."

मी तिला वही दाखवली, बघ, इथे लिहिलंय म्हणून. तिने वही ओढून घेतली आणि पानावर बोट ठेवलं. "आजोबा, मला येतं थोडं! आजी शिकवायची पाच वाजता. गोपनीय होतं." वीसेक शब्द येतात म्हणे. आई, बाबा, शाळा, भूक, घर.

"हे घर," ती म्हणाली. बोट खाली गेलं. "हे पण घर." पान उलटलं. "घर. आजोबा, सगळीकडे घरच आहे! आणि ही गाडी. बाकीचं नाही येत." मग माझ्याकडे बघून विचारलं, "आजीला घरी यायचं होतं का?"

मी तिच्यावर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. मुलगा म्हणाला, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पान फाडत होती." पोरीने एवढंसं तोंड केलं पण खरं काय ते सांगितलं नाही.

पान फाडत नव्हती ती.

१० मार्च, सोमवार

लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे.

चार तारखेला, मंगळवारी सकाळी, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. भला माणूस. म्हणाले, "दिवस फार नाहीत. इथे काय आणि घरी काय, आठवडाभराचा प्रश्न आहे. घरी न्यायचं असेल तर आजच नेता येईल, ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने मिळतं, एक नर्स लागेल. त्यांना विचारा, त्यांना कुठे राहायचंय, आणि मला सांगा."

मी आत गेलो आणि विचारलं. ‘डॉक्टर विचारताहेत, इथे राहायचं की घरी?’ असं स्पष्ट विचारलं. हिने वहीत लिहिलं. मी खूण केली. बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, "ती म्हणते, इथेच बरं."

एक अक्षर कळलेलं नसताना.

नाही, हेही अर्धंच. कळलं नव्हतं ते खरं, पण अंदाज नव्हता? चोराच्या मनात चांदणं. कळलं नाही तर मी नर्सला दाखवू शकलो असतो, पाटी पुढे करू शकलो असतो, ‘मान हलव गं’ एवढं म्हणू शकलो असतो. मी म्हटलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं आणि मला ते नको होतं. ती घरी आली असती तर नळी कोण साफ करणार? बाजूच्या खोलीत ती तशी असताना मी काय करणार? साखर कुठे आहे ते मला माहीत नाही. तिकडे घंटा दाबली की कुणीतरी यायचं. मी घाबरलो. लाज वाटली म्हणून वाचता येतं म्हणालो आणि भीती वाटली म्हणून वाचलंय म्हणालो.

मुलालाही सांगितलं, डॉक्टर सोडत नाहीत म्हणून.

११ मार्च, मंगळवार

हिच्या ऑफिसात गेलो. हिची खुर्ची, हिचं टेबल, वर तीन कॅलेंडरं: साहेबांचं, कंपनीचं आणि आमच्या घरचं. आमच्या घरचं तिथे आहे हे मला आज कळलं. माझ्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख त्यावर हिच्या अक्षरात आहे, पुढच्या महिन्यातली. धाकटीने ते काढलेलं नाही.

वही तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "पोरी, मी मुद्रितशोधक आहे. मूळ प्रत आणि छापलेलं जुळत नसेल तर मला उशिरा का होईना कळतं. जे आहे ते वाच. एक शब्द तुझा नको."

"काका, नको ना."

"ताईंनी तुला काय शिकवलं? साहेब बोलले तसं, की तुला बरं वाटेल तसं?"

ती उठली, केबिनचं दार लावलं आणि वाचलं. आवाज अगदी सपाट, ऑफिसातल्या मजकुरासारखा. माझी प्रत्येक खूण आली की तिथे थांबायची.

मंगळवार. ‘घरी न्या.’ खूण. त्याच्याखाली हिने स्वतःच लिहिलंय, ‘मंजूर.’ मग, ‘गाडी किती वाजता?’ खूण.

बुधवार. ‘घरी. आज?’ खूण. ‘खालची खोली उघडा, मला जिना जमणार नाही.’ खूण. ‘तुम्हाला त्रास होईल, कळतंय.’ खूण.

गुरुवार. ‘गाडी आली का?’ खूण. ‘गाडी आली का?’ खूण.

शुक्रवारी एकच शब्द, ‘घरी’, आणि त्याच्यावरून आडवी रेघ. मी विचारलं, "ही रेघ कसली?" धाकटीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ताईंची पद्धत होती. साहेबांची खूण म्हणजे काम मंजूर. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुढे ओढायचं. तीन दिवस ओढायचं. तीन दिवसांत साहेबांनी केलं नाही, तर चौथ्या दिवशी आपणच रद्द करायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. म्हणायच्या, चौथ्यांदा आठवण करणं म्हणजे त्यांना खजील करणं."

त्या रेघेशेजारी माझी खूण आहे. बरोबरची.

शनिवार. ‘पडदा ओढा, डोळ्यांवर ऊन येतंय.’ खूण. मला तो दिवस आठवतो. मी खूण करून हिच्याकडे बघून हसलो होतो आणि पडदा तसाच होता.

धाकटी म्हणाली, "काका, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ताईंना माहीत असेल. नक्की माहीत असेल." मी म्हटलं, "माहीत असतं तर तिने पाटी मागितली असती." तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

उठताना आठवलं. म्हटलं, "माझं अर्धं पान परत दे. छापू नका." ती म्हणाली, "काका, अंक कालच छापायला गेला." छापायला गेलेलं परत येत नाही, हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

१२ मार्च

काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

अंक आला. हिचा फोटो सुरेख छापलाय. ‘आपली इच्छा स्पष्ट सांगितली आणि ती तशीच पूर्ण झाली.’ दोनदा वाचलं. छपाईची एकही चूक नाही.

शेजारणीने अंक मागून नेला. परत देताना डोळे पुसत म्हणाली, "नशीबवान हो, असं जाणं कुणाला मिळतं!"

१५ मार्च, शनिवार

मुलाला बोलावून सगळं सांगितलं. थाप, वही, डॉक्टर, सगळं. सांगितल्याशिवाय घास उतरत नव्हता. तो ऐकत होता. मध्ये एकदाच विचारलं, "डॉक्टर कुठल्या दिवशी म्हणाले?"

"मंगळवारी. चार तारखेला."

तो उठून खिडकीशी गेला. पाठ माझ्याकडे. म्हणाला, "मंगळवारपासून तीन दिवस मी रजा घेतली होती, बाबा. आईला सोडतील असं मला आपलं उगाच वाटत होतं. मागची सीट काढून गादी टाकली होती. गाडी हॉस्पिटलच्या दारात उभी होती. तिन्ही दिवस. मी खाली बसलेला असायचो, तुम्ही बोलवाल म्हणून."

"मला काय माहीत?"

"तुम्ही म्हणालात, डॉक्टर सोडत नाहीत. मी कशाला सांगत बसू?"

मग तो गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. दारातून मागे वळून नेहमीसारखं ‘येतो’ म्हणाला, तेवढं मात्र म्हणाला.

१७ मार्च

फोन नाही. मी केला तर सूनबाईने घेतला. म्हणाली, "बाबा, त्यांना थोडे दिवस द्या. जेवत नाहीयेत नीट. गाडीलाही हात लावत नाहीत, रिक्षाने जातात."

धाकटीवर मी मनातून चिडलो होतो, खोटं वाचलं म्हणून. आता वाटतं, त्या पोरीने पाच पानं एका नजरेत वाचली, आत जाऊन तोंड धुतलं आणि ते सगळं एकटीने गिळलं. मी बाप असून मला ते चार दिवस जमलं नाही. मन हलकं करायला गेलो आणि माझं होतं ते त्याच्या उरावर ठेवून आलो. माझं कमी झालं असतं तर एक वेळ म्हटलं असतं, चला. कमीही झालेलं नाही.

माझ्यासारखा नवरा हिला का मिळाला? हिने काय वाईट केलं होतं कुणाचं?

१९ मार्च, बुधवार

आज दुपारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, "बाबा, त्या वहीत माझ्याबद्दल काही होतं का?"

मी म्हटलं, "होतं."

"काय?"

"शुक्रवारच्या पानावर. धाकटीने वाचून दाखवलं. मी त्या दिवशी सांगायचं विसरलो."

"काय होतं, बाबा?"

"‘तो रोज खाली येऊन बसतो, मला माहीत आहे.’ असं होतं. आणि ‘त्याला म्हणावं, गाडी सावकाश चालव.’"

मग रडतानाचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा, दमून दमून. म्हणाला, "तिला कसं कळलं?"

मी म्हटलं, "तिला सगळं कळायचं."

"वही मला द्याल?"

"देईन," म्हटलं. "पण तुला कुठे वाचता येणार?"

"नाही येणार," तो म्हणाला. "नुसती जवळ ठेवेन. ते शुक्रवारचं पान तेवढं दाखवा."

फोन ठेवून मी वही काढली आणि शुक्रवारचं पान उघडून बसलो. एक शब्द, त्यावर आडवी रेघ, शेजारी माझी खूण. त्याच्याबद्दल पाचही पानांत काही नाही. तो रविवारी वही न्यायला येतोय, खारूताईला घेऊन.